रेवणसिद्धअप्पांची खरी पायली

धान्य मोजायची एक पायली करून घ्यायची आणि वाचनालयाच्या ओट्यावर ठेवायची, एवढंच ते काम होतं. त्यात सरकार उलथवायचं नव्हतं, सत्याग्रह करायचा नव्हता, तुरुंगात जायचं नव्हतं. यांतलं काहीच रेवणसिद्धअप्पांना झेपलं नसतं हे सगळ्या कळंबला ठाऊक होतं, आणि सर्वांत जास्त ठाऊक होतं ते अप्पांना स्वतःला. पण पायली काय, कुणीही करून घेऊ शकतो. निदान त्यांना तसं वाटलं.

अप्पा कळंबच्या वाचनालयाचे चालक होते, ग्रंथपाल होते, झाडूही तेच मारत, आणि पुष्कळदा दिवसभरातले एकमेव वाचकही तेच असत. निजाम सरकारनं वाचनालयाला परवानगी देताना अट घातली होती की इथं वाचन चालेल, भाषण चालणार नाही. गावातल्या तरण्या पोरांना ही अट फार जाचक वाटे. अप्पांना मात्र ती खास आपल्या सोयीसाठी घातल्यासारखी वाटे. चार माणसांसमोर उभं राहिलं की त्यांच्या घशात भुसा साचत असे. बायकोला, शिवकांताबाईंना, भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगायचं तरी ते आधी मनात वाक्य जुळवून घेत, आणि वाक्य जुळेपर्यंत जेवण उरकलेलं असे.

तेव्हा महायुद्ध चालू होतं. पुण्याचं एक साप्ताहिक दुसऱ्याच कागदात गुंडाळून, शिळं होऊन वाचनालयात यायचं. त्यात एकदा नागरिकांच्या कर्तव्यावर लेख आला. लेखक म्हणत होता की देशभक्ती ही काही मिरवणुकीतच दाखवायची गोष्ट नव्हे. आपल्या डोळ्यांसमोर चाललेली लूट जो मुकाट्यानं बघतो, तो त्या लुटीत भागीदार असतो. अप्पांनी तो लेख पुन्हा पुन्हा वाचला. त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली. मग वाचनालयाच्या अंकांवर खुणा करू नयेत हा नियम आपणच भिंतीवर लावलाय हे आठवून ती खोडली. पण रेघ खोडली तरी वाक्य काही पुसलं गेलं नाही.

नेमकी त्याच आठवड्यात सारजाबाई ओट्याशी आली. मांजरेच्या काठावरच्या एका खेड्यात ती एकटी आपली जमीन कसत असे. नवरा मागंच वारला होता. त्या दिवसांत सरकारची लेव्ही असे. प्रत्येक शेतकऱ्यानं आपल्या ज्वारीतला ठराविक हिस्सा सरकारी भावानं सरकारी गोदामात घालायचा. हिस्सा किती ते सरकार ठरवी, आणि तो भरला की नाही ते गोदामातली पायली ठरवी. सारजाबाई म्हणाली की घरी मोजून नेलेली ज्वारी गोदामात कमीच भरते, कारण तिथली पायली पोट सुटलेली आहे. गेल्या साली तूट भरायला तिला बियाणं घालावं लागलं होतं, आणि मग पेरायला दारोदार फिरावं लागलं.

“आवंदा बी घालायचं न्हाय म्हंजी न्हाय,” ती म्हणाली. “आप्पा, तुमी येवढं वाचता. त्यात मापाचं काय लिवलंय का?”

मापाचं काहीच लिहिलेलं नव्हतं. पण भागीदाराचं होतं. अप्पा म्हणाले, “मी बघतो.”

एवढ्या दोन शब्दांनी त्यांचा घात केला.

त्यांची योजना साधी होती. एक खरी पायली ओट्यावर ठेवायची. शेतकऱ्यानं गोदामात जाण्याआधी त्या पायलीनं आपली ज्वारी मोजायची, आणि गोदामात कमी भरली तर म्हणायचं, चला, वाचनालयाच्या पायलीनं मोजू. भाषण नको, भांडण नको. पायली बोलेल, अप्पा गप्प बसतील. ही वाटणी त्यांना फारच पसंत पडली.

ते लोहाराकडे गेले. लोहारानं विचारलं, केवढी करू. अप्पा म्हणाले, पायलीएवढी. लोहार म्हणाला, कुणाच्या पायलीएवढी?

हा प्रश्न अप्पांना अडाणीपणाचा वाटला. पण उत्तर शोधायला निघाल्यावर कळलं की कळंबमध्ये एका पायलीसारखी दुसरी पायली नाही. शेजारच्या नागम्माकडे दोन होत्या. तिनं मुळीच न लपवता सांगितलं की ही उसनं देताना आणि ती परत घेताना. वर अप्पांना सल्ला दिला की माप करायचंच तर मोहरीनं पारखून घ्या, ज्वारीच्या दाण्यांत फटी राहतात, ती खोटं बोलते. मठात दासोहासाठी, म्हणजे अन्नदानासाठी, भक्तांकडून धान्य घ्यायची जुनी पायली होती. मठाच्या स्वामींनी ती मोठ्या भक्तिभावानं दाखवली. तिच्यात गावातली इतर कुठलीही पायली उभीच्या उभी मावली असती. स्वामी म्हणाले, भक्तांचं मन मोठं असतं. अप्पांनी चौकशी केली तेव्हा कळलं की प्रसाद वाटायला मठात वाटी वापरतात.

शेवटी ते थोरल्या भावाच्या, महालिंगप्पांच्या धान्याच्या दुकानात गेले. याच दुकानाच्या मिळकतीतून अप्पांचं घर चालत होतं आणि वाचनालयाची निम्मी पुस्तकंही आली होती. दुकानात दोन खुंट्यांवर दोन पायल्या टांगलेल्या होत्या. जन्मभर त्या अप्पांनी पाहिल्या होत्या. एक जुनी असेल आणि एक नवी, असं त्यांनी धरलं होतं.

“अण्णा, यातली खरी कोणती?” त्यांनी विचारलं.

महालिंगप्पा रागावले नाहीत. लहान मुलाला चंद्र दाखवावा तसं त्यांनी दाखवलं. ही घ्यायची, ही द्यायची. दोन्ही खऱ्या. एकीनं दुसरीचं काम केलं तर ती खोटी. मग गल्ल्यावर टेकून ते म्हणाले, “रेवणसिद्धा, तू आपला पुस्तकं मोज. पुस्तकाला शीग लागत नाही.”

अप्पांना शीग म्हणजे काय हे ठाऊक होतं. माप भरल्यावर काठाच्या वर धान्याचा जो ढीग उभा राहतो, ती शीग. पण अण्णांचं बोलणं त्यांनी मनाला लावून घेतलं आणि नेमकं ऐकलं नाही. आपण आजवर त्या दोन पायल्यांमधल्या फरकावर जगलो, याच विचारात ते घरी आले आणि जेवले नाहीत. शिवकांताबाईंनी भाजीत मीठ जास्त झालं का म्हणून विचारलं.

आता खरं माप फक्त सरकारजवळ असणार. अप्पांनी तहसील गाठली. पेशकार म्हणाला, सरकारी नमुन्याची पितळी पायली इथं होती खरी, पण तपासणीसाठी उस्मानाबादला गेली ती गेलीच. मात्र अर्ज केला तर तिथं तिच्याशी जुळवून नव्या मापावर शिक्का मारून मिळेल. अर्ज उर्दूत हवा. कचेरीबाहेर पिंपळाखाली कासिमसाहेब अर्ज लिहून देत. अप्पांचं सगळं म्हणणं ऐकून घेऊन त्यांनी दौतीचं झाकण पुन्हा लावलं.

“अप्पा, लोग यहाँ जमीन के वास्ते आते, नोकरी के वास्ते आते. पायली के वास्ते आजपर्यंत कोणी नाही आलं. घरी सगळं ठीक आहे ना?”

सगळं ठीक आहे असं अप्पांनी सांगितलं, तरी कासिमसाहेबांनी अर्जाला पैसे घेतले नाहीत. आजारी माणसाकडून घेऊ नयेत असं त्यांना वाटलं असावं.

लोहारानं अंदाजानं पायली करून दिली आणि ती मांडीवर घेऊन अप्पा उस्मानाबादच्या मोटारीत बसले. पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटार कोळशाच्या गॅसवर चालत होती, म्हणजे बहुतेक चढ उतारूंनीच चढवले. ढकलायला उतरताना अप्पा पायली बरोबर घेत, त्यामुळे त्यांचा एकच हात कामाला येई आणि बाकीचे उतारू त्यावर बोलत. शेजारच्या म्हातारीनं पायलीत आपली भाकरी ठेवली. एकानं त्यात पिंक टाकायचा बेत केला, तेव्हा अप्पांनी पायली छातीशी धरली. उस्मानाबादच्या अड्ड्यावर एका शिपायानं हटकलं, आत काय आहे. अप्पा म्हणाले, काही नाही. रिकामं भांडं इतकं जपून कोण आणतं, म्हणून त्यानं त्यांना चौकीत बसवून ठेवलं आणि आत काहीच नाही याची खात्री पटेपर्यंत दुपार झाली.

कचेरीत कारकुनानं अर्ज वाचला आणि नमुन्याची पायली आणायला माणूस धाडला. ती साहेबांच्या तबेल्यातून आली. घोड्याला हरभरा घालायला ती बरी पडत होती. तिच्या कुशीत चांगला मूठभर पोचा पडला होता. घोड्यानं लाथ मारली होती. अप्पांची पायली तिच्यात पाणी ओतून जुळवली, तर अप्पांची किंचित मोठी भरली. अप्पा भीत भीत म्हणाले की नमुन्याला पोचा आहे, म्हणून असेल. कारकून म्हणाला, नमुना तो नमुना. नक्कल अस्सलाबरहुकूम पाहिजे, नाहीतर शिक्का नाही.

मग तबेल्यातल्या हातोड्यानं अप्पांच्या नव्याकोऱ्या पायलीला अस्सल सरकारी पोचा पाडण्यात आला. तिघांनी तो लांबून बघितला, जवळून बघितला, आणखी थोडा पाडला. पाणी जुळलं. शिक्का बसला. परतीच्या मोटारीत अप्पा त्या पोच्यावरून बोटं फिरवत राहिले. माप थोडं लहान झालं, म्हणजे फरक पडला तो शेतकऱ्याच्या बाजूनं, असं त्यांनी मनाची समजूत घालून म्हटलं. आणि एका घोड्यानं का होईना, कुणीतरी प्रजेची बाजू घेतली.

कळंबमध्ये तोवर त्यांचं नाव पायलीअप्पा पडलं होतं. त्यांनी ते सोसलं. ओट्यावर पायली ठेवली. मात्र ती तिथं जेमतेम एक रात्र राहिली. सकाळी तहसीलदार साहेबांचं बोलावणं आलं. अप्पांना वाटलं, आता चौकशी. शिवकांताबाईंनी कपाळाला विभूती लावून पाठवलं. पण तहसीलदार उभं राहून भेटले. असा जबाबदार नागरिक आपल्या तालुक्यात असताना आपल्याला खबर नाही याची त्यांना लाज वाटते, म्हणाले. गोदामाच्या मापाबद्दल तक्रारी फार येतात. तेव्हा यंदाची लेव्ही अप्पांच्याच पायलीनं मोजली जाईल, आणि मापाजवळ पंच म्हणून खुद्द अप्पा बसतील.

अप्पांना नको म्हणायचं होतं. त्यांनी वाक्य जुळवायला घेतलं. ते जुळेपर्यंत हुकूम लिहून झाला होता.

बातमी खेडोपाडी गेली. अप्पांच्या आयुष्यात तेवढे थोडे दिवस असे आले की रस्त्यात माणसं त्यांना पाहून थांबत. बलभीम नावाचा एक शेतकरी तर वाचनालयात येऊन पुस्तकांनाच नमस्कार करून गेला. सारजाबाई मुद्दाम बाजाराला आली आणि सांगून गेली की यंदा टपोरी कणसं निवडून बी बाजूला काढलंय, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत ठेवलंय, आता त्याला हात लागायचा नाही. अप्पांनी त्या रात्री साप्ताहिकातला तो लेख पुन्हा काढला आणि या वेळी न लाजता वाचला.

गोदाम उघडलं. लेव्हीची वसुली बघणाऱ्या गिरदावर साहेबांनी अप्पांची पायली दोन्ही हातांनी घेऊन सगळ्यांना दाखवली, शिक्का दाखवला, पोचाही दाखवला. अप्पांना शेजारी खुर्ची दिली. मग मापारी पायली घेऊन राशीजवळ बसला, एकाऐवजी “लाभ” म्हणून पहिलं माप भरलं आणि काठाच्या वर ज्वारी ओतत राहिला. ज्वारीचा दाणा गोल, गुळगुळीत. मापारी हातांची ओंजळ करून त्याला सांभाळत, वर चढवत नेई. देवळाचं शिखर व्हावं अशी शीग उभी राहिली आणि अलगद सरकारच्या पोत्यात गेली.

जुनी पायली पोट सुटलेली होती, पण तिला काठापर्यंतच भरत. कारण तिचं पोटच पुरेसं होतं. ही पायली खरी असल्यामुळे तिच्यावर शीग आली. अप्पांनी घरी हिशेब केला तेव्हा पूर्वीपेक्षा जास्तच ज्वारी जात होती.

पहिल्या दिवशी त्यांनी मनाला सांगितलं की ही कदाचित इथली रीत असेल. आपल्याला धान्यातलं काय कळतं. नंतर त्यांनी ठरवलं की विचारायचं, पण चारचौघांत गिरदावरांचा अपमान होईल असं नको. मग वाटलं, एकांतात विचारू. आणि गिरदावरांना एकांत म्हणून नसेच. रोज संध्याकाळी ‘माप बरोबर’ या शेऱ्याखाली अप्पा सही करत. माप बरोबर होतंच. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. जे शेतकरी पूर्वी गोदामात आरडाओरडा करत, मापाऱ्याचा हात धरत, त्यांना गिरदावर आता हसून म्हणत, “अरे बाबा, पायली तुमच्या अप्पांची, पंच तुमचे अप्पा. आता सरकारनं काय करावं?” माणसं अप्पांकडे बघत. अप्पा पायलीकडे बघत.

मग सारजाबाईची गाडी आली. घरी मोजून आणलेली तिची ज्वारी एकामागून एक शिगांखाली वितळत गेली. निम्म्यावर आल्यावर तिनं मापाऱ्याच्या हातातली पायली वरच्यावर दाबून धरली, आणि गिरदावरांशी न बोलता खुर्चीकडे वळली.

“आप्पा, ह्येस्नी सांगा, शीग काढून मोजा म्हनून.”

अप्पा उभे राहिले. हे त्यांनी कधी केलं नव्हतं; तेव्हा उभं राहणं हेही काही कमी नाही असं नंतर अनेकदा त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. वाक्य तयार होतं. कित्येक दिवस जुळवलेलं होतं.

“प्रस्तुत प्रसंगी,” अप्पा म्हणाले, “एक अल्पमती नागरिक या नात्यानं, कुणाच्याही हेतूविषयी किंचितही शंका न घेता, माझी अशी नम्र विज्ञापना आहे की...”

की च्या पुढं भुसा होता. अप्पांनी पुन्हा की म्हटलं, आणखी एकदा की म्हटलं. गिरदावर मान झुकवून अत्यंत अदबीनं ऐकत होते. मग त्यांनी हात जोडले, वाहवा म्हटलं, अशी शुद्ध मराठी आता ऐकायला मिळत नाही म्हणाले, आणि अप्पांसाठी चहा मागवला. साखरेची टंचाई होती, तरी चहा गोड होता. कपबशी हातात आल्यावर अप्पांना कळेना की उभ्यानं बोलावं की बसून प्यावं. ते बसले.

सारजाबाईनं त्यांचा कप संपेपर्यंत वाट पाहिली. त्यानंतर पायलीवरचा हात काढला. तूट निघाली. ती गाडी घेऊन घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी एक लहान पोतं घेऊन आली. मापाऱ्यानं ते ओतलं, तेव्हा ज्वारीबरोबर कडुनिंबाचा वाळका पाला पडला. त्यानं तो वेचून बाजूला टाकला, कारण सरकारी गोदामात कचरा चालत नसे. अप्पांनी सही केली.

लेव्ही संपल्यावर अप्पा भावाच्या दुकानात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. महालिंगप्पांनी कशाला म्हणून विचारलं नाही. एक पोतं ज्वारी भरून गाडीत टाकली, आणि अप्पांच्या देखत, बोट फिरवून, प्रत्येक मापाची शीग काढली. हा टोमणा होता की माया, ते अप्पांना ओळखता आलं नाही.

सारजाबाई अंगणात तुरीच्या काड्यांचा झाडू बांधत होती. तिनं अप्पांना घोंगडी टाकली, पाणी दिलं. पोत्यात हात घातला, दाणे तळव्यावर घेतले, फुंकले आणि परत आत टाकले.

“दुकानातली हाय,” ती म्हणाली. “चार गावची एकात मिसळलेली. खायाला चांगली हाय, आप्पा. पेराया न्हाय चालत. बी येगळं असतंय. आपल्या रानातलं, आपल्या हातानं निवडल्यालं.”

अप्पांना हे माहीत नव्हतं. ज्वारी म्हणजे ज्वारी, असं त्यांनी धरलं होतं. ते म्हणाले की चूक झाली, आपण ती पायली करायलाच नको होती. तिनं लगेच मान हलवली.

“तसं न्हाय म्हनत म्या. तुमी चांगल्यासाठीच केलं, हे आमाला कळतंय.” झाडूची गाठ तिनं दातानं आवळली. “पर आदी आमी भांडत तरी व्हतो. लबाडाची पायली हाय म्हनून वरडत व्हतो. कवा कवा मापारी भ्यायचा, एखादं माप कमी घ्यायचा. आता वरडायलाबी जागा ऱ्हायली न्हाय. तुमची पायली खरी हाय ना.”

तिनं ज्वारी ठेवून घेतली, कारण परत न्यायला लावलं असतं तर अप्पांचा अपमान झाला असता. जेवायचा आग्रह केला. अप्पांना घास उतरला नसता म्हणून ते नाही म्हणाले, आणि हे नाही मात्र त्यांना चटकन म्हणता आलं.

गाडी परस्पर पाठवून ते नदीकाठानं चालत निघाले. ऊन कलतं होतं. रानं मोकळी पडली होती. चालता चालता त्यांच्या तोंडून शब्द निघाले, “शीग काढून मोजा.” विज्ञापना नाही, प्रस्तुत प्रसंग नाही. त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं, जरा मोठ्यानं. आवाज कुठं अडला नाही, फाटला नाही. घंटेसारखा खणखणीत लागला आणि रान ओलांडून गेला.

पलीकडं एक माणूस ज्वारीची धसकटं वेचत होता. तो ताठ उभा राहिला, कपाळावर हात धरून बघू लागला. तो बलभीम होता.

“काय म्हनालात, आप्पा?” त्यानं विचारलं.

अप्पा थांबले. बलभीम वाट बघत होता.

“काही नाही,” अप्पा म्हणाले, आणि मान खाली घालून चालू लागले.